बिडाचे खांब आणि खारा वारा

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या ब्रायटनच्या समुद्रात उभा असलेला वेस्ट पिअरचा, म्हणजे फिरायला म्हणून समुद्रात बांधलेल्या जुन्या धक्क्याचा, गंजका सांगाडा पाहून मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, "काय गं, हे भंगार अजून कोणी उचललं कसं नाही?" मामांची सगळी नोकरी मुंबईच्या गोदीत लोखंडाच्या दुरुस्तीवर गेली, खाऱ्या हवेत लोखंडाचे काय होते हे त्यांना कोणी शिकवायला नको. मी म्हटले, इथल्या लोकांना ते तसेच आवडते, किती जण फोटो काढताहेत बघा. त्यावर ते हसले नाहीत. "आवडतं म्हणून ठेवलंय, की काढायला पैसे नाहीत म्हणून आवडून घेतलंय?" एवढे बोलून ते किनाऱ्यावरच्या दगडगोट्यांवरून तोल सांभाळत पुढे चालू लागले. ते मुंबईला परतले, घर पुन्हा आमच्या नेहमीच्या वेळापत्रकावर आले, तरी तो दुसरा प्रश्न काही माझ्या डोक्यातून जाईना. कारण ह्या गावातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट कोणती असे कोणी विचारले, तर मी आजवर न अडखळता त्या सांगाड्याकडेच बोट दाखवत आले आहे.

आवडण्यासारखे त्यात आहेही. भरतीच्या वेळी तो पाण्यावर तरंगत असल्यासारखा दिसतो, आणि ओहोटीत त्याचे खांब गुडघ्यापर्यंत उघडे पडले की त्यांच्यावर चिकटलेल्या शिंपल्यांचा काळा थर आणि त्याच्या वर सुरू होणारा तांबूस गंज यांच्यामधली रेघ फूटपट्टीने आखल्यासारखी स्पष्ट दिसते. हिवाळ्यात संध्याकाळी स्टार्लिंग पक्ष्यांचे थवे येतात. आपल्याकडे थंडीत येणाऱ्या भोरड्यांच्याच कुळातले हे पक्षी. हजारोंच्या संख्येने ते आकाशात वळसे घेतात आणि अंधार पडता पडता पिअरच्या खाली विसाव्याला उतरतात. त्या वेळी कठड्याला टेकून उभी असलेली माणसे आपोआप आवाज खाली आणून बोलतात. मीही त्यांच्यातलीच. मात्र हे सारे सौंदर्य मोडल्यानंतरचे आहे, हे मी मामांच्या प्रश्नाआधी कधी नीट मनात आणले नव्हते.

हा पिअर १८६६ मध्ये लोकांसाठी उघडला. तो बांधणारे अभियंता युजीनियस बर्च यांनी बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, खांब समुद्रतळात ठोकले नाहीत, तर फिरवून बसवले. प्रत्येक खांबाच्या टोकाला स्क्रूसारखे पाते होते. मामांना हे सांगितल्यावर त्यांचा चेहरा एकदम बदलला. भंगाराचा विषय बाजूला राहिला आणि पात्याचा व्यास किती असेल, फिरवायला माणसे किती लागली असतील, ह्या हिशेबात ते रमले. बर्चच्या पिअरवर सुरुवातीला इमारती फार थोड्या होत्या. मोकळ्या फळ्यांवरून समुद्रात चालत जावे, बोटीत न बसता बोटीचा वारा खावा, एवढाच हेतू. गॅसच्या दिव्यांच्या खांबांना नागांचे वेटोळे होते आणि ती नक्षी जवळच्या रॉयल पॅव्हिलियन ह्या राजवाड्यातून उचललेली होती. पुढे टोकाला मोठी रंगशाळा आली, १९१६ मध्ये मधोमध संगीताचे सभागृह उभे राहिले आणि पहिल्या महायुद्धानंतर गर्दीने कळस गाठला. नंतरची उतरण मात्र लांबलचक आहे. डागडुजीचा खर्च वाढत गेला, मालक कंटाळले आणि १९७५ मध्ये दारे बंद झाली. १९८२ मध्ये त्याला संरक्षित इमारतींच्या पहिल्या श्रेणीत स्थान मिळाले, म्हणजे सन्मान वाढला तेव्हा आत पाऊल टाकायला जागा उरलेली नव्हती. लॉटरीच्या निधीतून दुरुस्तीचे पैसे मंजूर झाले, तोवर २००२ च्या डिसेंबरातल्या वादळाने मधला भाग खचला. २००३ च्या मार्चमध्ये टोकाची रंगशाळा पेटली, आणि मधला रस्ताच तुटलेला असल्याने अग्निशमन दलाला तिच्यापर्यंत पोचता आले नाही. मे महिन्यात सभागृहही जळाले. दोन्ही आगी कोणीतरी लावल्या असा संशय आजही घेतला जातो. २००४ मध्ये निधी मागे घेण्यात आला.

म्हणजे मामांचे अर्धे बरोबर होते.

आमच्या गल्लीत एक वृद्ध बाई राहतात. लहानपणी वडिलांच्या हाताला धरून त्या ह्या पिअरवर जात, आणि फळ्यांच्या फटींतून खाली हलणारे हिरवे पाणी पाहून घाबरत. संध्याकाळी समुद्रावर फिरायला त्या नेहमी पूर्वेकडे वळतात, पश्चिमेकडे कधीच नाही. एकदा मी त्यांना माझ्या मोबाइलवरचा स्टार्लिंगचा फोटो मोठ्या हौसेने दाखवला. त्यांनी तो पाहिला, पक्ष्यांचे कौतुक केले, आणि बोटाने पडदा किंचित सरकवून खालचा सांगाडा फोटोबाहेर काढला. ही गोष्ट त्यांनी मुद्दाम केली असे मी म्हणणार नाही. हात तसा गेला असेल. पण ज्यांनी तो पिअर धडधाकट पाहिला त्यांना तो अवशेष सुंदर दिसत नाही, आणि मी त्याच्या मरणानंतर गावात आले म्हणून मला तो सुंदर दिसतो, हा फरक त्या बोटाने जितका स्पष्ट केला तितका कुठल्याही माहितीफलकाने केला नसता.

तसे पाहिले तर ह्या किनाऱ्यावर कायमचे असे काहीच नाही, आणि ते असावे असे बांधणाऱ्यांनाही फारसे वाटले नसावे. अठराव्या शतकाच्या मध्यावर हे एक मोडकळीला आलेले कोळ्यांचे गाव होते. लुईस गावच्या डॉ. रिचर्ड रसेल यांनी ग्रंथीच्या विकारांवर समुद्राच्या पाण्याचा उपाय सांगणारा प्रबंध १७५० मध्ये लिहिला, ते पाणी अंगावर घ्यायला आणि चक्क प्यायलाही सांगितले, आणि श्रीमंत रोग्यांची रीघ लागली. त्यांचे घर अगदी पाण्यासमोर होते. ते पाडून १८२६ मध्ये रॉयल अल्बियन हॉटेल बांधले गेले आणि त्याच्या भिंतीवर रसेल यांच्या नावाची पाटी लागली: त्यांचे स्मारक शोधत असाल तर भोवताली पाहा, अशा अर्थाची. २०२३ च्या जुलैमध्ये भर वाऱ्यात त्या हॉटेलला आग लागली आणि पश्चिमेकडचा भाग पाडावा लागला. त्यानंतर काही दिवस त्या रस्त्याने जाताना ओल्या राखेचा आणि जुन्या गालिच्यांचा वास यायचा. समोरच्या बाजूला आइस्क्रीमची रांग मात्र नेहमीइतकीच लांब होती.

त्याच परिसरात, आज जिथे क्वीन्स हॉटेल उभे आहे तिथे, शेख दीन महंमद यांची स्नानगृहे होती. पाटण्यात जन्मलेला हा माणूस कंपनीच्या फौजेतून आयर्लंडला पोचला, तिथे त्याने इंग्रजीत पुस्तक लिहिले, लंडनमध्ये हिंदुस्तानी पद्धतीचे भोजनगृह काढून त्यात तो बुडाला, आणि पन्नाशी ओलांडल्यावर ब्रायटनला येऊन वाफेचे स्नान आणि मालिश यांच्या जोरावर दोन राजांचा अधिकृत मालिशतज्ज्ञ झाला. बरे झालेले रोगी मागे टाकून गेलेल्या कुबड्या त्याने आपल्या स्नानगृहात मांडून ठेवल्या होत्या. जाहिरातीची याहून बोलकी तऱ्हा मला तरी ठाऊक नाही. १८५१ मध्ये तो वारला तोवर त्याची चलती ओसरली होती. पुढे इमारतही गेली. ती राहिली असती तर आज तिच्यासमोर भारतीय पर्यटकांची गर्दी झाली असती, आणि त्यात सर्वांत पुढे मी असते. पण तिचा एक तुकडाही समुद्रात उभा राहिला नाही, त्यामुळे तिच्यावर जीव लावायला काही शिल्लकच नाही. जीव लावण्यासाठी निदान अवशेष तरी लागतो, आणि तो उरणे हा बहुतेक वेळा नुसता योगायोग असतो.

योगायोगांचा विषय निघाला आहे तर ४ डिसेंबर १८९६ ची रात्र टाळून पुढे जाता येणार नाही. वेस्ट पिअरच्या कितीतरी आधी, १८२३ मध्ये, कॅप्टन सॅम्युअल ब्राऊन यांनी इथे साखळ्यांवर झुलणारा चेन पिअर बांधला होता. फ्रान्सच्या दिएप बंदराकडे जाणारी जहाजे तिथून सुटत. टर्नर आणि कॉन्स्टेबल या दोन्ही नामवंत चित्रकारांनी त्याची चित्रे काढली. पुढे त्याच्या पश्चिमेला नवा पॅलेस पिअर उभारण्याची परवानगी देताना, जुना चेन पिअर काढून टाकण्याची अट घालण्यात आली. १८९६ च्या शरद ऋतूत तो धोकादायक म्हणून बंदही झाला. तो पाडण्याचा खर्च कोणी करण्याआधीच त्या रात्री वादळ आले आणि त्याने अख्खा पिअर फुकटात नेला. जाताना त्याच्या लाकडांनी शेजाऱ्यांनाही तडाखे दिले. मॅग्नस फोल्क यांची समुद्रातून चालणारी विजेची गाडी जेमतेम एक आठवड्यापूर्वी सुरू झाली होती. तीही त्याच वादळात आडवी झाली. ही गाडी म्हणजे सुमारे सात मीटर उंचीच्या चार पायांवर उभा असलेला सज्जाच होता. किनाऱ्याला समांतर, पाण्याखाली टाकलेल्या रुळांवरून ती रॉटिंगडीन गावापर्यंत जायची, आणि समुद्रातून जाते म्हणून तिच्यावर जीवरक्षक होडी आणि परवानाधारक कप्तान ठेवावा लागे. फोल्क यांनी ती दुरुस्त करून पुन्हा चालवली, पण १९०१ मध्ये तिचा कायमचा शेवट झाला. ओहोटीच्या वेळी मरीनाच्या, म्हणजे नौका ठेवायच्या बंदराच्या, पलीकडे गेले, तर तिच्या रुळांखालचे काँक्रीटचे ठोकळे आजही रांगेने दिसतात. त्यांच्यावर शेवाळ चढले आहे, मधल्या डबक्यांत मुले खेकडे शोधत असतात, आणि कोणीही फोटो काढत नाही. फोल्क यांची किनाऱ्यावरची साधी, छोटी विजेची गाडी मात्र १८८३ पासून आजतागायत चालू आहे. उन्हाळ्यात तिकीट काढून बसता येते, आणि बाकड्यावर कडेला बसले तर वळणावर गुडघ्यांवर समुद्राचे तुषारही येतात. जगातली आज चालू असलेली सर्वांत जुनी विजेची रेल्वे हीच.

पॅलेस पिअर १८९९ मध्ये उघडला. चेन पिअरच्या टोलची दोन छोटी खोपटी तिथे नेऊन बसवली आहेत, त्यांच्यात आता किरकोळ विक्री चालते. ह्या पिअरबद्दल इथल्या रसिक मंडळींचे मत चांगले नाही, आणि खरे सांगायचे तर माझेही नव्हते. तळलेल्या चिप्सवर ओतलेल्या व्हिनेगरचा वास, यंत्रांत पडणाऱ्या नाण्यांचा खणखणाट, टोकाला किंचाळ्या मारत फिरणारे पाळणे, चिप्स पळवायला टपलेले धीट समुद्रपक्षी, ह्या साऱ्याला सौंदर्य म्हणणे जड जाते. टोकाची सुंदर रंगशाळा १९७३ मध्ये वादळात सुटलेल्या एका तराफ्याच्या धडकांनी जायबंदी झाली, १९८६ मध्ये ती उतरवली, आणि तिच्या जागी करमणुकीची यंत्रे आली. पण मामा ह्या पिअरच्या खाली गेले. किनाऱ्यावरून फळ्यांच्या खाली उभे राहून त्यांनी वर पाहिले, एका खांबावर अंगठ्याचे नख घासले आणि म्हणाले, "रंग ताजा आहे. ह्यांच्याकडे रंगाऱ्यांची टोळी कायम कामाला असणार." खारा वारा आणि बीड यांच्यातल्या ह्या सामन्यात दुसरा डावपेच नाही. खरवडायचे, रंगवायचे, गंजलेला बोल्ट बदलायचा, आणि पलीकडच्या टोकाला पोचेपर्यंत अलीकडचे टोक पुन्हा गंजायला लागलेले असते. त्याला पैसा लागतो, आणि तो चिप्समधून आणि पाळण्यांतून येतो. २०२४ मध्ये बाहेरच्या माणसाकडून पिअरवर पाऊल ठेवायलाही पैसे घ्यायला सुरुवात झाली, त्यावर बरीच कुरकुर झाली. त्या गलबल्यातून वाट काढताना आता मला पूर्वीसारखा राग येत नाही.

पैशाने काय होते याचे दुसरे उदाहरण रस्त्यापलीकडे आहे. १८६४ चे ग्रँड हॉटेल म्हणजे पांढऱ्या सज्जांची रांगच्या रांग, आणि शेजारी वास्तुविशारद वॉटरहाउस यांनी १८९० मध्ये बांधलेले लालभडक मेट्रोपोल हॉटेल. दोघांची जोडी आजही विजोड दिसते. १२ ऑक्टोबर १९८४ च्या पहाटे ग्रँडमध्ये बॉम्ब फुटला. मार्गारेट थॅचर बचावल्या, पाच माणसे मेली, दर्शनी भागाला वरून खालपर्यंत भगदाड पडले. १९८६ मध्ये हॉटेल पुन्हा उघडले तेव्हा ते भगदाड शोधूनही सापडत नव्हते. एका इमारतीच्या जखमेचा माग दोन वर्षांत पुसला गेला आणि नऊ-दहा वर्षे आधी बंद पडलेला समोरचा पिअर तसाच कुजत राहिला. देशाच्या पंतप्रधानांवरचा हल्ला आणि बोल्टांचा गंज यांची बरोबरी करता येत नाही, हे मान्य. तरी त्या दोन वास्तूंच्या मधून जाताना हा हिशेब मनात आल्यावाचून राहत नाही. वेस्ट पिअरच्या मुळाशी २०१६ मध्ये १६२ मीटर उंचीचा काचेच्या पाळण्याचा मनोरा उभा राहिला. त्याच्यासाठी सार्वजनिक कर्जाचे कोट्यवधी पौंड मिळाले, आणि २०२४ च्या अखेरीस कंपनीचे दिवाळे वाजले. हे वाचताना मला मामांची आठवण झाली. मुद्दाम फोन करून सांगितलेही. ते म्हणाले, "नवं बांधायला पैसा मिळतो गं. रंगवायला मिळत नाही."

पण मामांना सर्वांत जास्त वेळ उभे राहायला लावले ते मदिरा टेरेसने, आणि खरे तर लिहायचे होते ते तिच्याबद्दलच. पॅलेस पिअरच्या पूर्वेला कड्याला टेकून बिडाच्या कमानींची ही रांग उभी आहे: १५१ कमानी, लांबी पाऊण किलोमीटरहून अधिक. नगराचे अभियंता फिलिप लॉकवूड यांनी तिची आखणी केली आणि १८९० च्या दशकात ती टप्प्याटप्प्याने बांधली गेली. वर चालायला गच्ची, खाली पाऊस चुकवत समुद्र पाहायला ओवरी. हॉटेलात खोली घेण्याची ऐपत नसलेल्या माणसालाही इथे फुकट बसता येई. कमानींवर नेपच्यून आणि व्हीनस यांचे मुखवटे ओतलेले आहेत. त्यातल्या एका नेपच्यूनच्या दाढीत रंगाचे इतके थर साचलेले मी पाहिले की केसांच्या बटा बुजून गालावर सूज आल्यासारखी दिसत होती. आणि जिथे पापुद्रा सुटला होता तिथे हिरव्याखाली पांढरा, पांढऱ्याखाली आणखी एक हिरवा आणि अगदी तळाशी विटकरी गंज, असे सव्वाशे वर्षांचे थर नखाएवढ्या जागेत मोजता येत होते. मागच्या भिंतीवर एकोणिसाव्या शतकातच लावलेल्या झुडपांची हिरवी भिंत आहे, तीही युरोपातल्या सर्वांत जुन्या हिरव्या भिंतींपैकी एक. २०१२ मध्ये टेरेस धोकादायक ठरली आणि तिच्यापुढे पत्र्याची आणि जाळीची कुंपणे आली. २०१७ मध्ये लोकांकडून वर्गणी मागितली तेव्हा साडेचार लाख पौंडांवर जमा झाले, त्यांतले कितीतरी गावकऱ्यांनी दहा-वीस पौंड करत दिलेले. गरज मात्र कोटींच्या घरातली.

वेस्ट पिअर पाण्यात मोडला म्हणून त्याचे चित्र झाले. मदिरा टेरेस रस्त्याच्या कडेला मोडत होती म्हणून तिची फाइल झाली. कुंपणाच्या जाळीतून फोटो चांगला येत नाही. सूर्यास्त तिच्या मागे होत नाही. पक्षी तिच्यावर बसतात ते कबुतरे, आणि त्यांच्या विष्ठेची बिडावर किती हानी होते हे मामांनी मला तिथल्या तिथे समजावले. तिथे उभे राहून त्यांनी एका खांबाचा पाया दाखवला: पावसाचे पाणी पोकळ खांबाच्या आतून वाहून नेण्याची मूळ योजना, नळ तुंबल्यावर तेच पाणी आत साचून खांब आतून खात गेले असणार, असा त्यांचा कयास. बाहेरून रंग शाबूत, आत पोकळी. "बीड वाकत नाही," ते म्हणाले, "घडीव लोखंड वाकून सांगतं तरी. हे एकदम तुटतं." त्यांच्या आवाजात वेस्ट पिअरसमोरचा कोरडेपणा नव्हता. हे भंगार अजून उचलले कसे नाही, असे त्यांनी इथे विचारले नाही. एक कमान उतरवायला किती दिवस लागतील आणि नवा साचा कोण करून देईल, हे विचारले.

त्याचे उत्तर पुढे मिळाले. २०२० मध्ये टेरेसची संरक्षणाची श्रेणी वाढली, आणि २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये पहिल्या २८ कमानींचे काम सुरू झाले. म्हणजे १२३ कमानी अजून वाट पाहणार, आणि त्या दरम्यान वारा काही सुटी घेणार नाही. पाहुणे आले की मी त्यांना आता आधी पूर्वेकडे नेते. त्यांना ते फारसे आवडत नाही, कारण पत्रे, परांच्या आणि दुरुस्तीचे आवाज पाहायला कोणी मुंबई-पुण्याहून इतक्या लांब येत नाही. सुंदर सांगाडा कुठे आहे, असे ते विचारतात. तो मी दाखवते. फोटोही काढून देते. मात्र टेरेसच्या फलकावरचे आकडे वाचून झाल्यावरच.